पाउल एर्लिख आणि मेंदूभोंवतींचा तट

खोकला फार दिवस रेंगाळला किंवा ताप उतरेनासा झाला म्हणजे डॉक्टर रोग्याचें रक्त अथवा थुंकी तपासण्यास पाठवितात. तेथें कांचेच्या पट्टीवर एक थेंब पसरतात, त्यावर रंग घालतात, आणि मग तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरून पाहतात. ही रीत आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणीं घालून दिली याचा विचारही आपल्या मनांत येत नाहीं. ती घालून देणाऱ्यांत ज्यांची गणना प्रामुख्यानें होते, त्या पाउल एर्लिख या जर्मन वैद्यांचें चरित्र आम्ही या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. एर्लिख यांच्या मोठमोठ्या शोधांची हकीकत पुष्कळ पुस्तकांत आढळते. आम्हांस मात्र त्यांनीं १८८५ सालीं पाहिलेली एक लहानशी गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटते. त्या गोष्टीचा खरा अर्थ त्यांस स्वतःस लागला नाहीं. तरी त्यांनीं ती जशी दिसली तशी लिहून ठेविली, आणि त्यामुळें पुढें आलेल्यांस एका मोठ्या सत्याचा मार्ग सांपडला. तोच प्रयोग आज एका इवल्याशा मासोळीच्या पिलांवर नव्या रीतीनें केला जातो, हें या लेखाच्या शेवटीं दिसून येईल.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजीं सायलेशिया प्रांतांतील स्ट्रेलेन या लहानशा गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तो प्रांत त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत मोडत असे. आज तें गांव पोलंड देशांत आहे. वडील खाणावळ चालवीत. आईच्या माहेरचा एक भाचा, कार्ल वायगर्ट, हा पाउलपेक्षां नऊ वर्षांनीं मोठा असून पुढें शरीरविकृतिशास्त्रांत नांवाजला. प्राण्यांच्या शरीराचे पातळ काप घेऊन ते डांबरापासून केलेल्या नव्या रंगांत बुडविले असतां त्यांतील बारीक रचना स्पष्ट दिसूं लागते, हें ज्यांनीं प्रथम दाखविलें त्यांत हा वायगर्ट होता. या मामेभावाच्या सहवासांतच पाउल यांस रंगांचें वेड लागलें, आणि तें जन्मभर सुटलें नाहीं.

दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांस ब्रेस्लौ येथील शाळेंत घातलें. लॅटिन व गणित या विषयांत त्यांची गति चांगली होती. परंतु परीक्षेचें त्यांस वावडें असे, आणि निबंध लिहिणें म्हणजे तर संकटच वाटे. अशी एक गोष्ट सांगतात कीं, अखेरच्या परीक्षेंत जीवन हें स्वप्न आहे, अशा अर्थाचा विषय निबंधास आला. इतर मुलांनीं त्यावर काव्यमय भाषेंत लिहिलें असेल. एर्लिख यांनीं मात्र असें प्रतिपादन केलें कीं, जीवन म्हणजे शरीरांत प्राणवायूच्या योगानें चालणारें एक मंद ज्वलन असून स्वप्न हाही मेंदूंतील त्याच ज्वलनाचा एक प्रकार आहे. परीक्षक अर्थातच संतुष्ट झाले नाहींत. परंतु या हकीकतींत पुढील शास्त्रज्ञ आपणांस स्पष्ट दिसतो. मोठमोठ्या शब्दांनीं त्याचें समाधान होत नसे. आंत काय घडतें, कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाशीं मिळतो, हें त्यास हवें असे.

येथें त्या रंगांविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. १८५६ सालीं लंडन येथें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास डांबरापासून निघणाऱ्या ॲनिलीन नांवाच्या पदार्थापासून एक सुंदर जांभळा रंग तयार झालेला आढळला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनींत अशा रंगांचे मोठमोठे कारखाने निघाले. कापड रंगविण्यासाठीं निघालेले हे रंग विद्वानांनीं शरीराच्या कापांवर घालून पाहिले, तेव्हां एक चमत्कार दिसला. सगळा काप सारखा रंगत नसे. कोणता रंग पेशीच्या मध्यबिंदूंतच शिरे, तर कोणता त्याच्या भोंवतालच्या भागास लागे, आणि कोणता एखाद्या विशिष्ट जातीच्या कणांवरच बसे. इतर लोक या गुणाचा उपयोग करून घेऊन पुढें जात. एर्लिख मात्र तेथेंच थांबले व असें कां व्हावें, हा प्रश्न करूं लागले. रंग आणि पेशी यांच्यामध्यें कांहीं रासायनिक ओढ असली पाहिजे, कुलपास जशी एकच किल्ली लागते तसा कांहीं संबंध असला पाहिजे, ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली.

ब्रेस्लौ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग व लायप्झिग या विद्यापीठांतून त्यांचें शिक्षण झालें. नेमून दिलेल्या अभ्यासापेक्षां रंगांच्या बाटल्यांत त्यांचा वेळ अधिक जाई, आणि त्यांच्या मेजावर तांबडे, निळे, पिवळे डाग पडलेले असत. रॉबर्ट कॉख हे ब्रेस्लौ येथें आले असतां त्यांस कोणीं तरी हा तरुण दाखविला आणि रंगकामांत हा हुशार आहे, पण परीक्षा कांहीं उतरणार नाहीं, असें सांगितलें, अशी आख्यायिका आहे. तें भविष्य खोटें ठरलें. १८७८ सालीं लायप्झिग येथें त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. तिच्यासाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषयही शरीराचे काप रंगविण्याचें शास्त्र व रीत हाच होता.

त्याच वर्षीं बर्लिन येथील शारिटे रुग्णालयांत प्रसिद्ध वैद्य फ्रेरिक्स यांच्या हाताखालीं त्यांस जागा मिळाली. फ्रेरिक्स हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. या तरुणाची ओढ कोठें आहे हें ओळखून त्यांनीं त्यास प्रयोगांची मोकळीक दिली. एर्लिख यांनीं रक्ताचा थेंब कांचेवर पसरून, उष्णतेनें सुकवून व रंगवून पाहण्याची रीत बसविली. त्यामुळें रक्तांतील पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसून निरनिराळ्या जातींच्या आहेत, हें सिद्ध झालें व रक्ताचे रोग ओळखण्याची वाट मोकळी झाली. १८८२ च्या मार्च महिन्यांत कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें बर्लिन येथें जाहीर केलें, तेव्हां एर्लिख सभेस हजर होते. तो जंतु रंगविण्यास कॉख यांची रीत फार अवघड होती. एर्लिख यांनीं लागलीच सुधारलेली रीत काढली. त्यांनीं असें दाखविलें कीं, क्षयाच्या जंतूस एकदां रंग बसला म्हणजे तो आम्लानेंही निघत नाहीं. इतर जंतूंचा व भोंवतालच्या द्रव्याचा रंग मात्र धुवून जातो. क्षयाच्या जंतूची आज जी थुंकीची परीक्षा करितात, तिचा पाया हाच होय.

आतां त्या लहानशा गोष्टीकडे वळूं. मेलेल्या प्राण्याच्या कापास रंग लावून पाहणें एर्लिख यांस पुरेसें वाटेना. जिवंत प्राण्याच्या रक्तांत रंग सोडला तर तो कोठें कोठें जातो, हें त्यांस पहावयाचें होतें. शरीराच्या निरनिराळ्या भागांस प्राणवायूची गरज किती, या विषयावर त्यांनीं १८८५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अशा प्रयोगांचें वर्णन आहे. प्राण्याच्या रक्तांत रंग सोडल्यावर यकृत, मूत्रपिंड, स्नायु, त्वचा इत्यादि भाग रंगून जात. परंतु कित्येक रंगांच्या बाबतींत मेंदू व पृष्ठरज्जु हे मात्र जवळ जवळ पांढरेच राहत. जणुं काय घरांतील सर्व भिंतींस रंग दिला असावा आणि एकच खोली कोरी राहिली असावी! मेंदूस रक्ताचा पुरवठा कमी होतो असेंही नाहीं. उलट तो इतर भागांच्या मानानें अधिकच होतो. मग रंग तेथें कां पोंचूं नये?

एर्लिख यांनीं याचें उत्तर आपल्या नेहमींच्या विचारसरणीस अनुसरून दिलें. ज्या अर्थीं प्रत्येक पेशीस कांहीं ठराविक द्रव्यांचीच ओढ असते, त्या अर्थीं मेंदूच्या द्रव्यास या रंगांची ओढ नसली पाहिजे, असें त्यांनीं मानलें. हें उत्तर असंभवनीय नव्हतें. पुढील वर्षींच त्यांनीं असें दाखविलें कीं, मेथिलीन ब्लू नांवाचा रंग जिवंत प्राण्यास टोंचला असतां त्याच्या मज्जातंतूंस निळा रंग चढतो. एका रंगाची ओढ आहे, दुसऱ्याची नाहीं, असें म्हणण्यास त्यामुळें बळकटी आली. तरीही हें उत्तर अपुरें होतें, हें पुढें दिसून येईल. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, मेंदू रंगत नाहीं हें जें दिसलें तें एक, आणि तो कां रंगत नाहीं याविषयीं बांधलेलें अनुमान तें दुसरें.

१८८५ सालींच फ्रेरिक्स वारले. त्यांच्या जागीं आलेल्या अधिकाऱ्यांस प्रयोगांपेक्षां रुग्णालयाच्या नित्य कामाचें महत्त्व अधिक वाटत असे, आणि एर्लिख यांचे वाईट दिवस आले. अशांतच १८८८ सालीं त्यांच्या स्वतःच्या थुंकींत क्षयाचे जंतु आढळले. जी परीक्षा जगास त्यांनीं सोपी करून दिली, तिनेंच त्यांचा स्वतःचा रोग उघड केला. ते पत्नीसह इजिप्त देशीं कोरड्या हवेंत जाऊन राहिले व सुदैवानें बरे होऊन १८८९ सालीं परत आले. त्या वेळीं त्यांस कोठें जागा नव्हती. त्यांनीं बर्लिनमध्यें स्वतःची लहानशी प्रयोगशाळा थाटली. पुढें कॉख यांनीं आपल्या नव्या संस्थेंत त्यांस बोलावून घेतलें.

त्या काळीं घटसर्प हा मुलांचा काळ होता. बेरिंग यांनीं घोड्याच्या रक्तलशीपासून त्यावर प्रतिविष काढलें होतें. परंतु एका घोड्याची लस तीव्र तर दुसऱ्याची सौम्य निघे, आणि किती मात्रा द्यावी हें वैद्यांस कळत नसे. एर्लिख यांनीं ही लस मोजण्याचें माप ठरवून दिलें, आणि मापाचा मूळ नमुना कायम टिकावा म्हणून तो सुकवून निर्वात नळींत ठेवण्याची व्यवस्था केली. सोनाराच्या तराजूस जसें प्रमाण वजन, तसा हा नमुना होय. औषधांची शक्ति मोजण्याच्या आजच्या पद्धतीचा उगम येथें आहे. १८९६ सालीं त्यांच्यासाठीं बर्लिनजवळ स्टेग्लिट्झ येथें एक संस्था निघाली, व १८९९ सालीं ती फ्रांकफुर्ट येथें नेण्यांत आली. १९०८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांस व रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांस मिळून देण्यांत आलें.

एर्लिख यांची राहणी साधी पण विलक्षण होती. दिवसांतून सुमारें पंचवीस चिरूट ते ओढीत, आणि चिरुटांची पेटी कांखेंत घेऊन हिंडत. जेवणाची शुद्ध नसे. मनांत आलेला विचार सदऱ्याच्या बाहीवरसुद्धां लिहून ठेवीत. मदतनिसांस रोज सकाळीं रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर त्या दिवसाचें काम लिहून मिळे. चिरुटांच्या व्यसनाचें आम्ही समर्थन करीत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं तेवढें अनुकरण करूं नये. कामाची टांचणें ठेवण्याची त्यांची शिस्त मात्र अवश्य उचलावी.

फ्रांकफुर्ट येथें त्यांनीं आपल्या जुन्या विचारास नवें वळण दिलें. एखादा रंग जर फक्त रोगजंतूवरच बसतो, तर त्याच रंगाबरोबर विष पाठवून जंतु मारतां येईल, आणि रोग्याच्या शरीरास इजा होणार नाहीं. १९०४ सालीं शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनीं ट्रिपॅन रेड या रंगानें उंदरांतील एका जंतुरोगावर गुण येतो असें दाखविलें. १९०६ सालीं फ्रांत्सिस्का स्पायर या बाईंनीं आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ देणगी देऊन एक स्वतंत्र संशोधनमंदिर उभारून दिलें. तेथें सोमलापासून शेंकडों नवीं द्रव्यें तयार करून तपासण्याचें काम चालूं झालें. क्रमांक ६०६ चें द्रव्य १९०७ सालीं तयार होऊन निरुपयोगी म्हणून बाजूस पडलें होतें. १९०९ सालीं जपानहून हाटा हे आले. त्यांनीं सर्व द्रव्यें पुन्हां पहिल्यापासून मोठ्या चिकाटीनें तपासलीं, तेव्हां उपदंश या दारुण रोगावर तेंच द्रव्य रामबाण आहे, असें दिसून आलें. १९१० च्या एप्रिल महिन्यांत हा शोध जाहीर झाला. साल्वार्सान या नांवानें तें औषध जगभर गेलें. विक्रीपूर्वीं सुमारें ६५,००० मात्रा वैद्यांस फुकट वांटून त्यांचे अनुभव मागविण्यांत आले होते.

कीर्तीबरोबर निंदाही आली. औषध टोंचण्यास अवघड होतें, कित्येकांस त्याचा त्रास झाला, व कांहींजण दगावले. एर्लिख हे रोग्यांच्या जिवावर प्रयोग करितात व पैसा मिळवितात, असे आरोप वर्तमानपत्रांतून झाले. १९१४ सालीं या प्रकरणाचा निकाल फ्रांकफुर्टच्या न्यायालयांत लागून आरोप करणाऱ्यास शिक्षा झाली. परंतु या सर्व यातायातीनें एर्लिख यांची प्रकृति खचली.

आणखी एक उणीव होती, आणि ती निंदकांच्या नव्हे तर वैद्यांच्या ध्यानांत आली. ज्यांचा रोग मेंदूंत जाऊन बसला होता, ज्यांची बुद्धि भ्रमिष्ट झाली होती व अंग लुळें पडलें होतें, त्यांस रक्तांत टोंचलेल्या साल्वार्सानचा फारसा गुण येत नसे. शरीराच्या इतर भागांतील जंतु मरत. मेंदूंतील जंतु मात्र राहत. पंचवीस वर्षांपूर्वीं मेंदू पांढरा ठेवणारी जी शक्ति एर्लिख यांनीं पाहिली होती, तीच शक्ति त्यांच्या औषधासही दारांतून परत पाठवीत होती. ज्या खोलींत रंग शिरत नाहीं, त्या खोलींत औषधही शिरत नाहीं.

या कोड्याचा उलगडा एर्लिख यांच्याच एका शिष्यानें केला. एडविन गोल्डमान यांनीं ट्रिपॅन ब्लू नांवाचा निळा रंग घेतला. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनीं तो प्राण्यांच्या रक्तांत सोडला. सर्व शरीर निळें झालें, मेंदू मात्र पांढराच राहिला. येथपर्यंत गुरूचेंच निरीक्षण खरें ठरलें. मग १९१३ सालीं त्यांनीं तोच रंग रक्तांत न सोडतां मेंदू व पृष्ठरज्जु यांच्या भोंवतीं असलेल्या पाण्यासारख्या द्रवांत सोडला. या वेळीं मेंदू निळा झाला, आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें! मेंदूस या रंगाची ओढच नसती तर तो आतां तरी कसा रंगला असता? अर्थात् उणीव ओढीची नव्हती. रक्त व मेंदू यांच्यामध्यें एक तट होता, आणि तो दोन्ही बाजूंनीं वाट अडवीत होता. शिष्यानें गुरूचें अनुमान खोडून काढलें. परंतु तें खोडण्यासाठीं त्यानें गुरूचीच रीत वापरली, आणि गुरूनें जें पाहिलें होतें त्यास धक्का लागला नाहीं.

एर्लिख हे २० ऑगस्ट १९१५ रोजीं, पहिलें महायुद्ध चालूं असतां, होम्बुर्ग येथें निवर्तले. फ्रांकफुर्टच्या यहुदी स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. त्या शहरांत एका रस्त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें होतें. नाझी राजवटींत, ते यहुदी होते एवढ्याच कारणावरून, तें काढून टाकण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तें पुन्हां देण्यांत आलें. ज्या मनुष्यानें घटसर्पापासून असंख्य मुलांस वांचविण्याच्या कामीं साह्य केलें, त्याचें नांव पुसावें असें एका सुशिक्षित राष्ट्रास वाटावें, ही गोष्ट पालकांनीं मुलांस समजावून सांगण्यासारखी आहे.

पुढें त्या तटाची ओळख हळूहळू पटत गेली. १९२१ सालीं जिनीव्हा येथील विदुषी लिना स्टर्न यांनीं त्यास रक्त व मेंदू यांमधील अडसर या अर्थाचें नांव दिलें. १९६७ सालीं रीस व कार्नॉव्हस्की या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें हा तट प्रत्यक्ष कोठें आहे तें दाखविलें. मेंदूंतील अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती ज्या पेशींच्या बनलेल्या असतात, त्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात कीं, मध्यें फट म्हणून राहत नाहीं. प्राणवायु पार जातो. साखरेसारख्या आवश्यक पदार्थांस आंत नेण्यासाठीं जणुं हमाल नेमलेले असतात. आणि कित्येक परकी द्रव्यें आंत शिरलींच तर त्यांस परत बाहेर ढकलणारे पहारेकरीही असतात. हा तट नसता तर आपण जें खातों-पितों त्यांतील हरएक उपद्रवी कण विचाराच्या स्थानापर्यंत पोंचला असता. परंतु जो तट विषास अडवितो तोच औषधासही अडवितो. क्षयानें मेंदूच्या आवरणांस सूज येते, तेव्हां स्ट्रेप्टोमायसिन हें औषध आंत फार थोडें पोंचतें. १९५२ पासून वापरांत आलेलें आयसोनायझिड मात्र चांगलें पोंचतें. म्हणून नवीन औषध काढतांना, तें तटापलीकडे जाईल काय, हा प्रश्न आधींच विचारावा लागतो.

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं शास्त्रज्ञ ज्या प्राण्याकडे वळले, तो आपल्याच देशांतला आहे. अंगावर निळसर आडवे पट्टे असलेली, जेमतेम दीड इंच लांबीची एक मासोळी गंगेच्या खोऱ्यांतील ओढ्यांत व भाताच्या शेतांजवळच्या पाण्यांत राहते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेंतील माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं तिचें वर्णन केलें. इंग्रजींत तिला झेब्रा मासा म्हणतात, आणि घरोघरच्या कांचेच्या हौदांत ती पुष्कळांनीं पाहिली असेल. अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठांत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनीं तिच्यावर काम केलें, व १९८१ सालच्या त्यांच्या निबंधापासून ती प्रयोगशाळांत मान्यता पावली. आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेंही या मासोळीवर संशोधन झालें आहे. मनुष्याच्या शंभर जनुकांपैकीं सुमारें सत्तरांस या मासोळींत जोडीदार सांपडतो.

तिचा मोठा गुण असा कीं, तिचीं अंडीं व पिलें कांचेसारखीं पारदर्शक असतात. अंडें फळल्यावर एका दिवसांत हृदय धडधडूं लागतें. दोन-तीन दिवसांत पिलूं बाहेर पडतें. तें अवघें तीन-चार मिलिमीटर लांब असतें. अंगावर काळे ठिपके येऊं नयेत म्हणून पाण्यांत एक द्रव्य घालतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोंवतीं तट उभा राहूं लागतो, आणि पुढील दिवसांत तो अधिक पक्का होत जातो. प्रयोगाच्या वेळीं पिलास गुंगी देऊन पातळ अगरच्या थरांत निजवितात, आणि केंसासारख्या बारीक कांचेच्या सुईनें त्याच्या हृदयांत किंवा मोठ्या नीलेंत प्रकाशांत चमकणारा रंग सोडतात. ज्या पिलांच्या रक्तवाहिन्या जन्मतःच हिरव्या चमकतात अशी जात तयार केलेली असल्यामुळें तांबडा रंग त्या नळ्यांच्या आंतच राहिला कीं बाहेर झिरपला, हें जिवंतपणींच दिसतें. नळीच्या आंतील व बाहेरील चमक मोजून तट किती घट्ट आहे याचें माप काढतात. लहान कणांचा व मोठ्या कणांचा रंग आळीपाळीनें वापरला तर तटास केवढें भोंक पडलें आहे याचाही अदमास लागतो. एखाद्या औषधानें तट सैल होतो काय, हेंही अशाच रीतीनें पाहतां येतें. एक मासोळी एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं घालूं शकते, त्यामुळें थोड्या काळांत पुष्कळ द्रव्यें तपासतां येतात.

अर्थात् मासा म्हणजे मनुष्य नव्हे. माशाच्या पिलांत जें द्रव्य तटापलीकडे गेलें तें मनुष्यांतही जाईलच, असें कोणी जाणता शास्त्रज्ञ म्हणत नाहीं. त्याची पुढें इतर प्राण्यांत व अखेरीस अत्यंत सावधगिरीनें मनुष्यांत परीक्षा व्हावी लागते. तसेंच पिलूं लहान असलें तरी तें जीव आहे. म्हणून त्यास गुंगी देणें, जरुरीपेक्षां अधिक पिलें न वापरणें, हे नियम प्रयोगशाळांत पाळावे लागतात.

तरीही या प्रयोगाकडे पाहिलें म्हणजे १८८५ सालची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. जिवंत प्राण्याच्या रक्तांत रंग सोडावा आणि तो कोठें थांबतो तें पहावें, हीच एर्लिख यांची रीत होती. तेव्हां प्राणी मारून, चिरून पहावें लागे. आज जिवंत पिलूं पारदर्शक असल्यामुळें रंग थांबतांना दिसतो. यंत्रें बदललीं, प्राणी बदलला, प्रश्न मात्र तोच राहिला.

विद्यार्थ्यांनीं एर्लिख यांच्यापासून पुष्कळ घेण्यासारखें आहे. परीक्षेंत मागें पडल्यानें मनुष्य निरुपयोगी ठरत नाहीं. एकदां टाकलेलें द्रव्यही हाटांप्रमाणें पुन्हां नीट तपासल्यास उपयोगी पडतें. आजारानें दोन वर्षें गेलीं तरी आयुष्याचें काम बुडत नाहीं. परंतु सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मतें ही आहे. मेंदू पांढरा राहिला, ही गोष्ट एर्लिख यांच्या प्रयोगास गैरसोयीची होती. ती गाळून टाकणें सोपें होतें. त्यांनीं ती गाळली नाहीं. तिचें कारण त्यांस चुकीचें सुचलें, तरी जें दिसलें तें आपल्या मताच्या सोयीसाठीं त्यांनीं कमी-जास्त केलें नाहीं. म्हणूनच तें मत पडल्यावरही निरीक्षण उभें राहिलें, आणि त्यावर दुसऱ्यांस पाय ठेवून पुढें जातां आलें. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत वहींत आंकडे मांडतांना पुस्तकांतील उत्तराशीं ते जुळत नाहींत असें आढळलें, तर आमच्या मुलांनीं व मुलींनीं ते खोडूं नयेत. जसे आले तसे लिहावेत, आणि मग कारण शोधावें.